ना-हरकत

तीस वर्षं एस.टी.त तिकीट फाडलं,
उदगीर-देगलूर, उदगीर-मुखेड.
कोंबड्यांची पाटी टपावर टाकणाऱ्यालाही
लगेज लावल्याबिगर सोडलं नाही.
म्हणून नगरपालिकेच्या बाकड्यावर
मला राग येत नव्हता, खरं सांगतो.
अर्ज तिसऱ्यांदा परत आला
तेव्हा शेऱ्यातलं वळणदार अक्षर बघत बसलो.

काम काय, तर खिडकी.
स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या भिंतीला, तीन बाय चार.
सूनबाई फोडणी टाकते
आणि तोंडाला पदर लावून अंगणात पळते,
नातू शिंकतो मोजून नऊदा.

कनिष्ठ अभियंता ढवळे, वय असंल सव्वीस,
नकाशावर बोट ठेवून म्हणाला,
"काका, सामासिक अंतर नाही."
मला शाळेतला समास आठवला.
मीठभाकर. बहीणभाऊ.
मधला 'आणि' गिळला की द्वंद्व.
आमच्या आणि महेमूदाबीच्या घरातला 'आणि'
दीड फुटाचा.
त्यात एक नाली, एक फुटका हौद.

"शेजाऱ्याची ना-हरकत आणा, बाँडवर.
साक्षीदार दोन. मग बघू."

मग बघू.
सुट्ट्या पैशाला मीही हेच म्हणायचो.

महेमूदाबीशी बोलणं बंद सोळाच्या उन्हाळ्यापासून,
बोअरच्या पाण्यावरून.
भांडण कुणीच जिंकलं नाही,
बोअर आटला.

गेलो.
बाजेवर मुनीरोद्दीन मिस्त्री, उजवं अंग गेलेलं.
ज्याच्या ओळंब्यानं आख्खी गल्ली सरळ उभी
तो उशीला तिरपा.
तिनं चष्मा लावला, बोट फिरवत कागद वाचला.
मराठी तिला माझ्या पोरापेक्षा बरी येते.
एका शब्दावर बोट थांबलं.
"हमारे में हरकत बोले तो हलना-डुलना, भाऊ.
ना-हरकत तो ये हैं, दो साल से.
इनों पे मारो तुम्हारा शिक्का."
आणि हसली.
मी चहाच्या कपात बघितलं.

बाजेवरून अर्ध्या तोंडाचा आवाज आला.
तिनं कान खाली नेला.
"पूछरैं, पूरब की दीवार क्या?
बोलरैं, उसमें लिंटल हई है बोलके."

एक्क्याण्णव साल.
भिंत कमरेच्या वर आलेली,
परांचीवरून हाच ओरडला होता,
"कंडक्टर, खिडकी सोडू का?"
तिकडं तेव्हा नुसती बाभळ.
मी म्हणालो, नको.
उद्या तिकडं कोण येईल, कसलं येईल.
तो काही बोलला नाही, थापी घासत राहिला.
सहा महिन्यांनी तिकडं
तोच आला.

घर तिच्या नावावर, सही तिची.
पहिला साक्षीदार त्याचा डावा अंगठा,
मीच धरून टेकवला शाईवर.
हलका होता, पण जागचा हलला,
आपला आपण कागदापर्यंत गेला.

परवानगी एक्कावन्न दिवसांनी आली,
बारा अटींसह.
प्लास्टर खरवडलं, पहार लागली, ठण्ण.
चार फुटांचा लिंटल,
तीन फुटांच्या खिडकीला दोन्हीकडं
सहा-सहा इंच टेकायला.
मी मुखेडच्या फेरीला असताना
कधी टाकला, कुणाच्या सिमेंटात,
त्यानं बिल लावलं नव्हतं.

गज अजून बसवायचेत.
सूनबाई तिथूनच वाटी देते,
तिकडून कधी मेथी येते, कधी नुसती रिकामी वाटी.

ढवळे तपासणीला आला, टेप लावला,
"लिंटल कधी टाकलं?"
खिडकीच्या आधी तेहतीस वर्षं, म्हणालो.
त्यानं फॉर्मवर रकाना शोधला.
नव्हता.
पेन झटकून शेऱ्यात लिहिलं,
पूर्वीपासून.